गंजलेलं गॅरेजचं शटर: खरवडण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

गणपतीच्या आधी पंधरा दिवस कोकणात घरोघरी ऑइल पेंटचे डबे उघडतात. खोल्या होतात, ओटा होतो, खिडक्यांचे गज होतात आणि त्याच ओघात गॅरेजच्या शटरवरही एक हात फिरतो. पाहुणे येऊन जाईपर्यंत शटर छान दिसतं. नवरात्र येईतो खालच्या पट्ट्यांवर मुगाएवढे फोड उठतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात नखाने उचकटलं तर वीतभर रंग पापुद्र्यासारखा हातात येतो.

आमच्या शटरवरचा असा एक फोड मी टाचणीने फोडला होता. आतून तपकिरी पाण्याचा थेंब ओघळला. रंगाखाली खारं काही राहिलं की ते बाहेरची ओल रंगाच्या थरातून आत ओढून घेतं. पाणी साचतं, खाली गंज वाढतो आणि रंग वर उचलला जातो. डबा कितीही महागाचा असो, फोड हे यायचेच. म्हणून पुढे रंगापेक्षा रंगाच्या आधीच्या कामाबद्दलच जास्त लिहिलं आहे.

हे सगळं गुंडाळणाऱ्या लोखंडी शटरसाठी आहे. दोन झडपांचं पत्र्याचं दार असेल तरी क्रम हाच ठेवा, फक्त गाईड (दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचा, ज्यांतून शटर सरकतं) आणि गुंडाळीचा भाग सोडून द्या.

१. टोचून बघा: रंगवायचं की बदलायचं

रंग आणायच्या आधी एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि शटर आतून-बाहेरून टोचत जा. वरच्या पट्ट्या बहुतेक धडधाकट निघतात. खरी अवस्था खालच्या दीड फुटात कळते: सर्वांत खालची जाड पट्टी, तिच्यावरच्या तीन-चार पट्ट्या आणि दोन्ही बाजूंच्या गाईडचा तळ. पावसाचे शिंतोडे, अंगणातला चिखल, गाडी धुतलेलं पाणी सगळं तिथेच येऊन थांबतं.

गाईडच्या तळात बोट घालून पाहा. मार्च महिन्यातही तिथे काळी, ओलसर माती निघते, तिच्यात कोळ्याचं जाळं आणि गंजाच्या खपल्या कालवलेल्या असतात. ती काढल्याशिवाय तिथला पत्रा शिल्लक आहे की नाही, हे कळत नाही.

टोचल्यावर टणक आवाज आला आणि टोक घसरलं तर पत्रा चांगला आहे. टोक रुतलं, पण आरपार गेलं नाही, तर तिथे खूण करून ठेवा. आरपार गेलं तर तो भाग रंगाने वाचत नाही.

भोकं फक्त खालच्या दोन-चार पट्ट्यांत असतील तर अख्खं शटर बदलू नका. शटरवाला पडदा उतरवून तेवढ्या पट्ट्या आणि तळपट्टी बदलून देतो. त्यानंतर सगळं एकत्र रंगवायचं. मात्र पट्ट्यांच्या टोकांच्या कड्या झिजून पट्ट्या एकमेकींतून निसटत असतील, गाईड वाकलं असेल किंवा भोकं कमरेपर्यंत पोचली असतील, तर रंगावर पैसे घालू नका. थेट शेवटच्या आधीच्या भागाकडे जा.

*सावधान:* वरच्या पाइपातली स्प्रिंग ताणलेली असते. तिचे बोल्ट, ब्रॅकेट, पाइपाची टोकं यांना स्वतः पाना लावू नका. सुटलेल्या स्प्रिंगच्या झटक्याने हात मोडू शकतो. हे काम शटरवाल्याचंच.

२. पत्रा साधा की जस्ताचा, ते ओळखा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि निम्मी रंगकामं इथेच फसतात.

साध्या लोखंडी पत्र्यावर नेहमीचा रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेटचा प्रायमर चालतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर साधा ऑइल पेंट थेट मारला, तर रंगातल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मधोमध साबणासारखा थर तयार होतो. मग रंग वाळलेल्या सालीसारखा सुटतो, खाली चकचकीत पत्रा जसाच्या तसा दिसतो. गंज अजिबात नसताना रंग मोठ्या तुकड्यांत निघत असेल, तर पत्रा जस्ताचाच आहे असं धरून चाला.

चुंबकाने हे कळत नाही, कारण तो दोन्हींना चिकटतो. आतल्या बाजूला, डोळ्याआड एक रुपयाएवढी जागा एमरी पेपरने घासा, मिठाचं पाणी लावा आणि दोन दिवसांनी बघा. नारिंगी डाग आला तर साधं लोखंड, पांढरी पूड आली तर जस्त. जागा धुऊन टाकायला विसरू नका.

जस्ताचा पत्रा असेल तर दुकानात 'जीआयवर चालणारा प्रायमर' (जीआय म्हणजे जस्ताचा पत्रा) किंवा 'एच (etch) प्रायमर' असं स्पष्ट मागा आणि डब्यावर तसं छापलेलं आहे का, ते वाचा.

३. दिवस निवडा

श्रावण-भाद्रपदात लोखंड रंगवू नका. शटर कोरडं दिसतं, पण हवेतच इतकी ओल असते की पुसलेल्या पत्र्यावर पुन्हा पातळ पाणी धरतं. गणपतीला शटर धुऊन, पुसून, समोर रांगोळी काढली तरी शोभतं. रंगाचं काम दिवाळीनंतर काढा. मुंबई, पालघरपासून सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पुणे, नाशिक, नगरकडे ऑक्टोबर अखेरपासून मार्चपर्यंत चालतं.

हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल पाणी होऊन धरते) निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवं. हे मोजायचं साधन घरी नसेल तर ओल्या फडक्याची कसोटी घ्या: पत्र्यावर ओलं फडकं एकदा फिरवा. तो ओला पट्टा १० ते १५ मिनिटांत पूर्ण वाळला तर काम सुरू करा, नाही वाळला तर थांबा.

थंडीत सकाळी शटरवर दंव असतं. त्यामुळे नऊ-साडेनऊच्या आधी ब्रश उचलू नका आणि दुपारी साडेतीन-चारला थांबा. संध्याकाळचं दंव ओल्या रंगावर बसलं की रंगाची चमक मरते, ती पॉलिश करूनही परत येत नाही.

शटर पश्चिमेला तोंड करून असेल तर बाहेरची बाजू दुपारच्या आत उरका. तापलेल्या पत्र्यावर रंग वरून लगेच साय धरतो, खालून ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. तळहात पाच सेकंद ठेववत नसेल, तर पत्रा रंगासाठी फार गरम आहे.

४. सामान आणि मोजमाप

९ फूट रुंद आणि ८ फूट उंच शटर धरू. सपाट क्षेत्रफळ ७२ चौरस फूट. पट्ट्यांना बाक असतो, म्हणून रंगाच्या मोजणीत शटरसाठी १.१ ने गुणतात. साधारण ८० झाले, दोन्ही बाजू मिळून १६०, म्हणजे १५ चौरस मीटरच्या आसपास. एक लिटर ऑइल पेंट एका हाताला १० चौरस मीटर जातो असं धरा. म्हणजे प्रत्येक हाताला दीड लिटर. दोन हात रंगाला ३ लिटर. प्रायमर एका हाताला दीड लिटर, आणि समुद्राकाठी प्रायमरचेही दोन हात द्या.

बाकी सामान: टोकदार पत्री (खरवडायचं पातं), वायर ब्रश, ८० आणि १८० नंबरचे एमरी पेपर, टर्पेंटाइन, भांड्याचा साबण, सुती फडकी (भरपूर, कारण एकच फडकं फिरवत राहणं म्हणजे वंगण पसरवणं), दोन इंची ब्रश, सांध्यांसाठी एक इंची ब्रश, मास्किंग टेप, गॉगल, मास्क, हातमोजे.

पातळ करायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका. ऑइल पेंटला टर्पेंटाइन लागतं. दुकानदार सवयीने एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर देतो, ते जुन्या रंगाला उचलून सुरकुतवतं. डब्यावर लिहिलेलं थिनरच घ्या, तेही डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच.

५. गाडी बाहेर काढा, मग धुवा

आधी गाडी आणि स्कूटर बाहेर. काम सुरू झाल्यापासून शेवटच्या हातानंतर आठवडा उलटेपर्यंत शटर पूर्ण गुंडाळता येणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. पेट्रोलचा कॅन, गॅसचा सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी आत असेल तर तीही हलवा. मोटरचं शटर असेल तर मेन बंद करा, फक्त रिमोट बाजूला ठेवून भागत नाही.

आता क्रम नीट पाळा. खरवडण्याच्या आधी वंगण काढायचं. वर्षानुवर्षं शटरवाल्याने घातलेलं ग्रीस पट्ट्यांच्या सांध्यांतून खाली उतरलेलं असतं. त्याच्यावर एमरी मारली की ते निघत नाही, उलट पत्र्याच्या ओरखड्यांत चोळलं जातं. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने वरून खाली पुसत या, फडकं काळं झालं की टाका आणि नवं घ्या.

मग साबणाचं कोमट पाणी आणि नायलॉनचा ब्रश. मग भरपूर गोडं पाणी, नळीने, सांध्यांत आणि गाईडमध्ये. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचं धुणं तरी नळाच्या पाण्याने करा. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घर असेल, तर हे धुणं दोनदा करा. मीठ डोळ्यांना दिसत नाही.

एक दिवस उन्हात वाळू द्या. त्या दिवशी आणखी काही करू नका.

६. खरवडणं: इथे वेळ घाला

एकूण कामाचा अर्ध्याहून जास्त वेळ इथे गेला पाहिजे. पेंटर या पायरीला घाई करतो, कारण त्याला अख्ख्या कामाचे ठरलेले पैसे मिळतात आणि खरवडलेलं कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मजुरी ठरवतानाच 'खरवडणीचा एक पूर्ण दिवस वेगळा' असं बोलून घ्या आणि त्याचे पैसे खुशीने द्या.

जुना रंग सगळा काढायचा का? घट्ट बसलेला रंग काढायची गरज नाही. तो घट्ट आहे का हे असं बघा: ब्लेडने जुन्या रंगावर आडव्या-उभ्या चार-चार रेघा मारा, वर खाकी टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपला चिकटून आले तर त्या भागातला सगळा रंग काढावा लागेल. तीन-चार ठिकाणी तपासा, खालच्या भागात नक्की.

*सावधान:* भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या रंगात आणि विशेषतः जुन्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. शेंदूर हा मुळात शिशाचाच. असा जुना रंग कोरडा घासू नका. पाणी शिंपडून ओल्या एमरीने घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा, आणि खाली प्लास्टिक अंथरून पडलेला चुरा गोळा करून टाका. तुळशीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात तो झाडून लोटू नका.

खरवडायला सुरुवात वरून करा. पत्रीने सुटलेले पोपडे, मग वायर ब्रशने गंज, मग ८० नंबरची एमरी. गंज तपकिरी राहिला तर चालतो का, असं विचारतात. घट्ट बसलेली पातळ तपकिरी छटा चालते. नखाने निघणारी, चुरा होणारी, थरांची खपली चालत नाही. खपलीच्या कडेला पत्री तिरकी घालून उचला. खपली बऱ्याचदा दिसते त्यापेक्षा दुप्पट लांब निघते, कारण गंज रंगाखालून सरकत गेलेला असतो. चकचकीत, घट्ट रंग लागेपर्यंत मागे जात राहा.

घट्ट रंग आणि उघडा पत्रा यांच्यामधली कड १८० नंबरच्या एमरीने उतरती करा. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. ती पायरी राहिली की नवा रंग नेमका त्या रेघेवर तडकतो. जुन्या घट्ट रंगाचीही चमक घासून मारा, नाहीतर नवा रंग त्याला धरणार नाही.

आता सांधे. शटर जमिनीला पूर्ण टेकलेलं असतं तेव्हा खालच्या पट्ट्या एकमेकींत दबलेल्या असतात. ते वीतभर वर उचला आणि स्प्रिंगवर तोलून राहत असेल तर तसंच ठेवा. सांधे ताणले जातात आणि प्रत्येक जोडावर आतापर्यंत लपलेली, दोऱ्याएवढी नारिंगी रेघ दिसते. जुन्या टूथब्रशच्या आकाराचा छोटा वायर ब्रश घेऊन प्रत्येक सांध्यातून ती रेघ काढा. फार कंटाळवाणं काम आहे. पण पुढच्या वर्षी गंज पहिल्यांदा तिथूनच डोकं वर काढतो.

ग्राइंडरला वायर व्हील लावून काम लवकर होतं, मात्र घासायची जाड चकती लावू नका. २० गेजचा पत्रा जेमतेम ०.९ मिलिमीटर असतो, चकती एका जागी रेंगाळली की तो कागदासारखा होतो. ठिणग्या उडतात, म्हणून टर्पेंटाइनचा डबा आणि भिजलेली फडकी आधी लांब ठेवा. भिजलेल्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा. तेलकट रंगाचं फडकं बोळ्यातल्या बोळ्यात तापून पेट घेऊ शकतं.

*तपासा:* खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर पाण्याचा फवारा मारा. पाणी सपाट पसरलं तर वंगण गेलं. थेंब थेंब होऊन आकसलं तर पुन्हा टर्पेंटाइनने पुसा. नंतर जागा लगेच कोरडी करा.

७. त्याच दिवशी प्रायमर

उघडं लोखंड कोकणात रात्रभरही तग धरत नाही. शनिवारी संध्याकाळी पांढरं केलेलं रविवारी सकाळी फिक्कट नारिंगी झालेलं असतं. म्हणून जेवढ्याला संध्याकाळच्या आत प्रायमर लागेल, तेवढंच खरवडायचं. एकटे असाल तर पहिल्या दिवशी आतली बाजू, दुसऱ्या दिवशी बाहेरची. अख्खं शटर खरवडून 'प्रायमर उद्या' असं ठरवणं ही मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक आहे.

खोल खड्ड्यांत गंज रुतून बसला असेल, तर तेवढ्यापुरता गंज बदलणारा द्रव लावा. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचा हा द्रव गंजाला काळा, घट्ट थर करून टाकतो. पातळ लावा आणि बाटलीवर सांगितलेला वेळ थांबा. आम्ल उरलं तर पुसायचं की धुवायचं, हे प्रत्येक बाटलीवर वेगळं असतं, तेही वाचा. खपलीवर हा द्रव ओतून खरवडणं वाचवता येत नाही, तो फक्त वरचा थर काळा करतो.

मग पुसणं: आधी स्वच्छ ओल्या फडक्याने, लगेच कोरड्याने, शेवटी टर्पेंटाइनच्या फडक्याने. टर्पेंटाइन पूर्ण उडू द्या.

जुना ऑइल पेंट काही ठिकाणी शिल्लक असेल, तर साधा झिंक फॉस्फेटचा मेटल प्रायमर घ्या. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर जास्त टिकतो, पण त्याचं थिनर जहाल असतं आणि खालचा जुना रंग उचलतो. तो फक्त पूर्ण उघड्या केलेल्या पत्र्यावर मारा, आणि त्यावर उन्हाला टिकणारा रंग लागतोच, कारण इपॉक्सी उन्हात भुकटतं.

प्रायमर मारताना आधी एक इंची ब्रशने कडा, सांधे, बोल्टची डोकी आणि तळपट्टीची धार रंगवा, मग मोकळी जागा. धारेवरून रंग आपोआप मागे ओढला जातो आणि तिथे थर पातळ पडतो. म्हणून धारेला एक हात जादाचा.

*सावधान:* रेड ऑक्साइड लावलं म्हणजे लोखंड सुरक्षित झालं, असं नाही. तो थर ओल आत येऊ देतो. नुसतं प्रायमर मारलेलं दार महिना-दोन महिने तसंच ठेवलं, की लाल रंगाखालून लाल गंज निघतो आणि दोन्हींचा रंग सारखा असल्याने वेळेवर दिसतही नाही. प्रायमर वाळला की दोन-चार दिवसांत वरचा रंग चढला पाहिजे.

८. रंगाचे दोन हात

प्रायमर रात्रभर वाळला की १८० नंबरच्या एमरीने हलकेच घासा, धूळ पुसा.

आतली बाजू रंगवताना हवा खेळती हवी. गॅरेजला दुसरं दार-खिडकी नसेल, तर शटर वीतभर वर ठेवून बाहेरून पंखा लावा, दर वीस मिनिटांनी बाहेर या. डोकं जड वाटलं तर काम थांबवा. शटर हाच एकमेव रस्ता असेल, तर एकट्याने आत राहून रंगवू नका.

डबा आधी काठीने तळापासून ढवळा. रंगद्रव्य खाली बसलेलं असतं, न ढवळता घेतलं तर सुरुवातीचा हात पारदर्शक आणि शेवटचा दाट होतो. वरच्या पट्टीपासून खाली या, एका वेळी पाच-सहा पट्ट्या, डावीकडून उजवीकडे सलग. प्रत्येक पट्टीच्या खालच्या वळणात रंग साचतो. पाच मिनिटांनी कोरडा ब्रश तिथून एकदा फिरवा, म्हणजे ओघळ राहत नाही.

थर पातळ ठेवा. 'जाड मारला की जास्त टिकेल' हा समज शटरच्या बाबतीत फार महाग पडतो. जाड थर सांध्यांत भरून पट्ट्यांना एकमेकींना चिकटवतो, आणि पहिल्यांदा उघडताना सांध्यांसांध्यांतून रंग तडकतो. तडकलं तिथून पाणी आत जातं.

या जागांना रंग लावू नका: स्प्रिंग, पाइपाची बेअरिंग, कुलपाचे खिटे, आणि गाईडची आतली घासणारी बाजू. गाईडच्या आत फक्त प्रायमरचा एक पातळ हात पुरे. तिथे रंगाचे थर चढले की शटर अडकतं, मग लोक लाथ मारून खाली आणतात आणि पट्ट्या वाकतात.

दुसरा हात दुसऱ्या दिवशी. हाताला कोरडा लागतो म्हणून त्याच संध्याकाळी मारू नका, खालचा थर अजून मऊ असतो.

९. गुंडाळायची घाई नको

ऑइल पेंट काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण कडक व्हायला पाच ते सात दिवस घेतो. शेवटच्या हातानंतर दोन दिवस शटर खालीच. तिसऱ्या दिवशी हळू, अर्ध्यापर्यंत उचला आणि सांधे सुटतात का ते बघा. एखादा सांधा चिकटला असेल तर जोर करू नका, प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा. पूर्ण गुंडाळून रात्रभर ठेवायचं ते आठवड्यानंतरच. गुंडाळीत आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींवर दाबली जाते, कच्चा रंग तिथे चिकटून उखडतो.

१०. बदलायचंच ठरलं तर

माप तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. जुन्या घरांत तिन्ही क्वचितच सारखी येतात. शटर भिंतींच्या मध्ये बसणार असेल तर सर्वांत लहान माप धरायचं. वर गुंडाळीला किती जागा आहे, तेही मोजा. बिलात शटरची उंची दाराच्या उंचीपेक्षा जास्त धरतात, कारण काही पट्ट्या कायम पाइपावरच राहतात. ती किती धरली, ते आधीच विचारून लिहून घ्या.

जाडी गेजमध्ये न बोलता मिलिमीटरमध्ये बोला. १८ गेज म्हणजे साधारण १.२ आणि २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर. कोटेशनवर मिलिमीटर लिहून घ्या आणि माल आला की पट्टीच्या कापलेल्या टोकाला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून बघा. बसवून झाल्यावर हे मोजणं अवघड जातं.

समुद्राकाठी साधा लोखंडी पत्रा घेऊ नका. जस्ताच्या पत्र्यावर कारखान्यातच रंग चढवलेला घ्या आणि जस्ताचा मुलामा किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम), ते विचारा. १२० आणि २७५ यांत आयुष्याचा मोठा फरक पडतो. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण त्याला साधे लोखंडी स्क्रू लावले तर खाऱ्या हवेत स्क्रूभोवती ते पांढरं पडून खाल्लं जातं. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टीलसुद्धा किनाऱ्यावर चहाच्या डागांसारखं डागाळतं, ते पुसावं लागतं.

साधारण १०० चौरस फुटांपर्यंत हाताने ओढायचं, स्प्रिंगचं शटर चालतं. त्याहून मोठ्याला साखळीचा गिअर किंवा मोटर घ्या. मोटर घेतली तर वीज गेल्यावर हाताने उघडायची सोय बसवणाऱ्याकडून प्रत्यक्ष करून घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातून.

बसवताना समोर उभं राहून तीन गोष्टी बघा. दोन्ही गाईड ओळंब्यात आहेत का. गाईडचा तळ लादीत पुरलेला नाही ना. तिथून पाणी निघायला बोटाच्या पेराएवढी फट हवी. आणि जिथे वेल्डिंग झालं तिथलं जस्त जळतं, तिथे घासून जस्तयुक्त प्रायमर त्याच दिवशी लागला का. जमिनीला उतार असेल तर एका बाजूला फट राहते. तळपट्टीला रबर लावून घ्या, शटर वाकडं बसवून ती फट भरू देऊ नका.

११. वर्षाची निगा

मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी, गाईडच्या तळातली माती काढा. पावसाळा संपला की शटर गोड्या पाण्याने धुवा, पुढे थंडी-उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. पावसात ज्या भागावर पाऊस पोचत नाही, म्हणजे वरच्या छज्ज्याखाली, तिथे मीठ सर्वांत जास्त साचतं, कारण ते धुतलं जात नाही. तिथे नळी आवर्जून मारा.

गाईडमध्ये ग्रीस भरू नका, ते धूळ धरून लापशी होतं. मेणाचा तुकडा घासला तरी शटर हलकं चालतं. ग्रीस फक्त पाइपाच्या बेअरिंगला, तेही शटरवाल्याच्या हातून.

कुठे खरचटलं तर तेवढीच जागा घासून प्रायमर आणि रंग लावा, पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका. त्यासाठी पाव लिटर रंग काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा, आणि बरणीवर शेडचा नंबर, प्रायमरचं नाव आणि रंगवल्याची तारीख पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.